रविवारचे साहेब

ताईंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आपल्या टेबलावरून ट्रंककाकांना त्या सरळ दिसत होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, समोर अर्धा प्यालेला चहा. नुसतं "काका" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ताईंनी टेबलावरचा फोन उचलला, आतल्या लाइनचं बटण दाबलं, आणि काकांच्या कोपरापाशी फोन वाजला. चुकून लागला असेल म्हणून काका उठून दाराकडे निघाले, तर ताईंनी आतूनच हातानं खूण केली, बसा. काकांनी बसून रिसिव्हर कानाला लावला. "हं, ताई?" "तिथूनच बोला, काका." "काय बोलू?" "काहीही. आज कोणकोण यायचंय ते सांगा." काकांनी सांगितलं. नदीपलीकडचे पाण्याच्या टाकीवाले, शाळेच्या छपराची मंडळी, बसथांब्याचं गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या दोन बायका. ताई कुठं काही लिहून घेत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "एकदा परत हॅलो म्हणा," त्या म्हणाल्या. "हॅलो," काका म्हणाले. मग ताईंनी फोन ठेवला, चष्मा नाकावर घेतला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात कागदांत डोकं घालून बसल्या. झालं ते एवढंच. पण त्या दुपारी काकांनी डबा उघडला आणि तसाच परत बंद केला.

ट्रंककाका हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ऐन तरुणपणी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून परगावचे ट्रंककॉल जोडून द्यायचे. त्या काळी इथले आमदार म्हणजे साहेब, या ताईंचे वडील. साहेबांना कशासाठीच ताटकळायला आवडायचं नाही. एका ठरावीक ऑपरेटरच्या हातून लाइन झटकन लागते हे ध्यानात आल्यावर त्यांनी खात्याला सांगून तो माणूसच आपल्या कचेरीत उसना मागून घेतला. खात्यानं दिला आणि देऊन विसरून गेलं. ट्रंक तेव्हा चिकटलं, केस पिकल्यावर त्याला काका लागलं. टायरच्या दुकानावरची ही पहिल्या मजल्यावरची कचेरी साहेबांच्या वेळची. साहेबांनंतर मास्तर आले, मास्तरांनंतर कंत्राटदार, आणि आता ताई. दर खेपेला पाटी बदलायची, पडदे बदलायचे, भिंतीवरचा पुढारी बदलायचा. खुद्द मतदारसंघही बदलला. मध्ये हद्दी नव्यानं आखल्या तेव्हा रेल्वे क्वार्टर्स शेजारच्या मतदारसंघात गेल्या आणि टेकडीमागची गावं इकडे पदरात पडली. रेल्वेतली जुनी माणसं कितीतरी दिवस सवयीनं इथंच फोन करायची आणि काका त्यांना माहेरच्या माणसासारखं ऐकून घ्यायचे. फोनचा नंबर तेवढा तोच राहिला, आणि फोनशी बसलेला माणूस. जो निवडून येईल त्याला खुर्चीबरोबर काका मिळायचे. "माझ्या जिभेवर कुठल्याच पक्षाचा शिक्का नाही," असं ते म्हणायचे आणि म्हणून झालं की स्वतःच हसायचे. आज हसू येत नव्हतं. ताईंनी डोळे का मिटले? माणूस डोळे मिटून काय ऐकतो? शब्द ऐकायला डोळे मिटावे लागत नाहीत, असं काकांचं चाळीस वर्षांचं ज्ञान सांगत होतं. डोळे मिटतात ते आवाज ऐकायला.

आणि आवाजाचीच तर सगळी भानगड होती. साहेब महिनेच्या महिने राजधानीत असायचे, आणि इकडे गिरणीकडच्या वस्तीत कुणाचा बाप जायचा, कुणाची नोकरी जायची. लोकांना साहेब हवे असायचे. चिठ्ठी नको, निरोप नको, साहेबांचा एक शब्द हवा. अशात एकदा गिरणीतल्या एका फोरमनचा फोन आला. बायको त्याच दिवशी गेलेली. तो काही मागतही नव्हता, नुसता "साहेब आहेत का, साहेब आहेत का" म्हणत होता. काकांच्या तोंडून निघून गेलं, "देतो." मग त्यांनी रिसिव्हरवर तळहात धरला, जरा थांबले, छातीतून एकदा खाकरले आणि म्हणाले, "बोला. मी ऐकतोय." ते नक्कल करायला बसले नव्हते. एक्स्चेंजमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कानातून जायचे, ते कुठंतरी साठून राहिले असावेत. फोरमन रडला, काका साहेबांच्या आवाजात गप्प राहिले, शेवटी म्हणाले, "बरं का, मी आहे." गोष्ट व्हायची तशी साहेबांच्या कानावर गेली. काकांना वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी त्यांना समोर बसवून फोन हातात दिला आणि म्हणाले, "चल, मला ऐकव." ऐकून साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "लेका, तू माझ्यापेक्षा बरा बोलतोस." त्या दिवसापासून मतदारसंघाला दोन साहेब झाले. एक भाषणात दिसायचे, एक फोनवर भेटायचे, आणि खरं सांगायचं तर लोकांचा जीव फोनवरच्यावर जास्त होता.

इथवर असतं तर ताईंनी खुशाल डोळे मिटले असते. आमदाराचा माणूस थोडंफार इकडचं तिकडं करतोच, त्याचं एवढं काय. पण ताई लहान होत्या, आई गेलेली, आणि साहेबांनी त्यांना दूरच्या शहरात वसतिगृहात ठेवलं होतं. दर रविवारी संध्याकाळी तिथं फोन लावायचा. सभागृह दणाणून सोडणारा हा गडी मुलीशी बोलायचं म्हटलं की पार गळून जायचा. "अभ्यास कर. जेवतेस ना? बरं." संपलं. पुढे रिसिव्हर कानाला धरून नुसता घाम पुसायचा. एका रविवारी लाइन लागली आणि साहेबांना खाली गाडीशी कुणीतरी अडवून धरलं होतं. तिकडून "बाबा?" आलं. "बाबा, तुम्हीच ना?" त्या आवाजात असं काहीतरी होतं की काकांना थांबा म्हणवेना. "हं, मीच. बोल." आणि ती बोलायला लागली. कुणी कुणाची पेन्सिल पळवली, कुणी कुणाशी बोलत नाही, रेक्टरबाईंनी कुणाला उगीच शिक्षा केली, आणि तिनं स्वतः कसा न्याय दिला. "वा, जज्जसाहेब!" काका म्हणाले. ती इतकी हसली की काकांना रिसिव्हर कानापासून लांब धरावा लागला. साहेब जिना चढून आले, दारात उभे राहून ऐकलं, आणि आत न येता परत खाली गेले. त्यानंतरचे सगळे रविवार काकांचे. "बोला जज्जसाहेब, आज कुणाला शिक्षा?" अशी सुरुवात व्हायची. काका दार लावून घ्यायचे. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. रविवारी काका घरी पोचले की काकू चप्पल काढायच्या आत विचारायच्या, "काय म्हणाली आपली?" गणितात किती पडले, गुडघा कसा फुटला, बोबडी मैत्रीण शाळा सोडून गेली तेव्हा ही किती रडली, सगळं काकूंना तोंडपाठ. खऱ्या बापाला यातलं काय ठाऊक होतं देव जाणे, काका त्यांना सांगायला जायचे तर साहेब हात हलवून म्हणायचे, "मजेत आहे ना? झालं तर मग."

आता त्या पोरीच्या कपाळावर चष्मा होता आणि ती डोळे मिटून आपला आवाज पारखत होती. काकांना दुसरी कसलीच भीती नव्हती. नोकरी जायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. भीती एकच. हिला कळलं तर हिच्या हातून बाप जाईल. प्रचारात ती जिथं तिथं तेच सांगत फिरली होती, की माझे बाबा कितीही कामात असले तरी दर रविवारी माझ्याशी तासभर बोलायचे, आणि मी जी काही आहे ती त्या बोलण्यामुळे आहे. सभेत मागच्या बाजूला उभे असलेले काका तेवढ्यापुरते पाणी प्यायला जायचे. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका राहतील. बाबांचा माणूस आहे." काका फुशारले नाहीत, त्यांना धडकीच भरली. कारण वय वाढलं तसा त्यांचा स्वतःचाच आवाज छातीत उतरला होता. आता साहेबांचा आवाज काढावा लागत नव्हता, उलट लपवावा लागत होता. आतल्या लाइनवरचा तो फोन सोडला तर गेले काही महिने ते ताईंशी फोनवर चुकूनही बोलले नव्हते. ताईंचा गाडीतून फोन आला की ते खोकल्याची उबळ आल्यासारखं करून टायपिस्ट बाईच्या हातात द्यायचे. बाई वैतागून म्हणायच्या, "तुमचा खोकला ताईंच्या फोनलाच बरा येतो!" बाईंनी हे बोलायला नको होतं. बाईंनी हे ताईंजवळ तर बोलून दाखवलं नसेल?

एकदा शंका शिरली की तिला घर मोठं करून हवं असतं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा जुना ड्रायव्हर जिना चढून आला. हा कित्येक वर्षांत इकडे फिरकला नव्हता. काकांना बघून "काय ट्रंक, आहेस का अजून!" म्हणाला, आणि ताईंनी त्याला आत घेऊन दार लावलं. दार लावलं! ताई कुणासाठी दार लावत नाहीत. पोलिस अधिकारी आला तरी उघडं. आतून ड्रायव्हरचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय काम काढलंस?" "काही नाही, मुलीच्या बदलीचं," तो म्हणाला, पण म्हणताना टेबलावरच्या फोनकडे बघून म्हणाला, असं काकांना वाटलं. संध्याकाळी ताईंनी एक अर्ज काकांच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "वाचून दाखवा. डोळे दुखतायत." काका वरच्या पट्टीत वाचू लागले, शाळेतल्या पोरासारखं. "असं काय वाचताय?" ताईंनी पाठमोरंच विचारलं. "घसा बसलाय." "मघाशी तर बरा होता." काकांनी उरलेला अर्ज कसाबसा ओढून नेला. तिसऱ्या दिवशी गिरणीवस्तीतल्या एका म्हातारीचा फोन आला, तर ताईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला आणि काकांना आत बोलावून घेतलं. म्हातारी सांगत होती, "माझा थोरला गेला तेव्हा तुझ्या वडलांनी फोन केला होता गं. मी भिंतीवर डोकं आपटायला निघाले होते. ते म्हणाले, बरं का, मी आहे. त्या एका बोलण्यावर तगले बघ मी." फोन बंद झाल्यावर ताई म्हणाल्या, "काका, त्या महिन्यात अधिवेशन चालू होतं. बाबांना एवढा वेळ कसा मिळायचा हो?" "साहेब म्हणजे साहेब," काका म्हणाले. हे उत्तर त्यांनी मतदारसंघाला हजार वेळा दिलं होतं, आणि ते कुणी कधी परत केलं नव्हतं.

काकू भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "सांगून टाका एकदाचं. तिचं आता काय कुकुलं वय आहे?" "काय सांगू? तुझा बाप मी होतो म्हणून सांगू?" काकूंनी नळ बंद केला. म्हणाल्या, "होतातच की थोडेसे." काकांना राग आला. राग काकूंचा नव्हे. ते खरं असण्याचा. मग त्यांना काकूंचीही शंका आली. मागच्या आठवड्यात भाजीबाजारात ताईंची आणि हिची गाठ पडली होती, बराच वेळ बोलत होत्या म्हणे. "तू तिला काही बोललीस?" "मी? मी तिला एवढंच म्हटलं, गुडघ्यावरची खूण गेली का गं." "अगं बाई! गुडघ्याचं तुला कुठून कळलं हे तिनं विचारलं नाही?" काकूंनी हातातला पेला परत विसळायला घेतला. काकांनी कपाळाला हात लावला.

फोडलं कुणी, या प्रश्नानं त्यांचं डोकं पोखरायला घेतलं. मास्तर नव्हेत. मास्तर साहेबांच्या मागून पोटनिवडणुकीत आले, सरळ, शाळेच्या हजेरीसारखा माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला हे सोंग चालणार नाही. माझे फोन मी करीन." आणि केले बिचाऱ्यांनी. पण मतदारसंघाला इतकी वर्षं फोनवरच्या साहेबांची सवय लागलेली. मास्तरांचा सपाट, कोरडा आवाज ऐकून लोक म्हणायचे, "चेष्टा पुरे, खरं कोण बोलतंय?" आणि ठेवून द्यायचे. खुद्द आमदार फोन करतोय आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही! एकदा तर मास्तर चिडून एका घरी स्वतः जाऊन उभे राहिले, बघा, मीच आहे म्हणून. पुढच्या निवडणुकीत पडले. जाताना काकांना म्हणाले, "तुम्ही या लोकांचे कान बिघडवून ठेवलेत." त्या वेळी काकांना ते लागलं होतं; पण मास्तर पोटात ठेवणारे, आणि आता तर वयामुळे ते कुणाला ओळखतही नाहीत. मग राहिले कंत्राटदार. त्यांनी तर कहर केला होता. निवडून आल्या आल्या म्हणाले, "आपल्याला बोलायला टाइम नाही, सगळं बोलणं तुमच्याकडे." स्वतःच्या बायकोलासुद्धा काकांकडूनच फोन करवायचे, जेवायला थांबू नकोस म्हणून. मोठ्या तोंडाचा माणूस, चार घोट पोटात गेले की पोटातलं ओठांवर. आणि नुकत्याच झालेल्या पुलाच्या उद्घाटनाला त्यांची खुर्ची ताईंच्या शेजारी होती. कंत्राटदार कानाशी वाकून काहीतरी सांगत होते, मांडीवर थाप मारून हसत होते, आणि ताई हसत नव्हत्या. हेच. दुसरं काही असूच शकत नाही. आतल्या लाइनवरचा तो फोन त्याच्याच दुसऱ्या दिवशीचा. मग काकांनी मनाशी पक्कं केलं, साफ नाही म्हणायचं. कंत्राटदारांचा आवाज काढत होतो, हो. साहेबांचा कधी नाही. साहेबांचा आवाज काढायची माझी काय बिशाद! हे वाक्य ते जिन्यात, मोरीत, बसमध्ये घोटत राहिले.

घोटताना मधूनमधून साहेबांचे शेवटचे दिवस समोर यायचे, आणि ते काकांना मुळीच नको असायचं. इस्पितळातली ती खोली, बाहेर बाकावर ताटकळलेले कार्यकर्ते, आणि आत साहेब, घशाला नळी लागून गेल्यानं आवाजाचं नुसतं खरडणं उरलेलं. एका दुपारी त्यांनी काकांना खुणेनं जवळ घेतलं. "पोरीला फोन लाव." "रविवारी लावू साहेब, मी..." "आज. मी बोलतो. तू बाहेर थांब." काकांनी वसतिगृह लावलं, रेक्टरबाईंना मुलीला बोलवायला सांगितलं, रिसिव्हर साहेबांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन उभे राहिले. मनात जरासं दुखलंच. खोटं कशाला बोला. थोड्या वेळानं घंटी वाजली. आत गेले तर रिसिव्हर साहेबांच्या छातीवर पडलेला. "ठेवला तिनं," साहेब म्हणाले. "लाइन तुटली असेल साहेब. परत लावतो." "नको." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "तूच बोल रविवारी." रविवार उजाडायच्या आत साहेब गेले. लाइनच तुटली असणार, असं काकांनी तेव्हा धरलं. एक्स्चेंजमध्ये काढलेली सगळी वर्षं त्यांनी त्या एका समजुतीच्या बाजूनं उभी केली होती.

ताईंनी बोलावलं ते भर दुपारी, टायपिस्ट बाई जेवायला गेल्या होत्या तेव्हा. काका आत आल्यावर त्यांनी उठून स्वतः दार लावलं. खाली दुकानात कुणीतरी लोखंडी रिंगवर हातोडा मारत होतं. "बसा काका." काका बसले. घोटलेलं वाक्य त्यांनी जिभेवर आणून ठेवलं. "कंत्राटदार म्हणाले, तुम्ही त्यांचा आवाज काढायचात." "ते... लोकांना बरं वाटावं म्हणून." "बाबांचाही?" काकांनी तोंड उघडलं, पण ताईंनी हात वर केला. "थांबा. मला बाकी कशाचं विचारायचं नाही. लोकांशी कोण बोललं, कोण नाही, जाऊ द्या ते. मला एकाच फोनचं विचारायचंय." काका थांबले. एकाच? त्यांनी इतके दिवस सगळ्या रविवारांची राखण केली होती.

"बाबा माझ्याशी दर रविवारी बोलायचे," ताई म्हणाल्या. "मला ते जज्जसाहेब म्हणायचे. तुम्हाला माहीत नसेल." "नाही," काका म्हणाले. "पण ते जायच्या आधी मला एक फोन आला होता. रविवार नव्हता. भर दुपारी मला वर्गातून उठवून नेलं. तिकडून कुणीतरी बाबांचा आवाज काढत होतं. घोगरा, घाणेरडा. म्हणाला, मी बाबा बोलतोय, तुझ्याशी बोलायचंय. मला लगेच कळलं, हे बाबा नव्हेत. बाबा असे बोलतच नाहीत. मी म्हटलं, बाबा असाल तर सांगा, मला काय म्हणता तुम्ही? त्यानं माझं शाळेतलं नाव घेतलं. म्हटलं, ते नाही, रविवारी काय म्हणता? त्याला येईना. माझ्या मैत्रिणीचं नाव विचारलं, तेही येईना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, मी तुझा बाप आहे गं. आणि मी..." त्या थांबल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "मी म्हटलं, लाज नाही वाटत? माझे बाबा आजारी आहेत आणि तुम्ही असली थट्टा करता? आणि ठेवून दिला. शनिवारी बाबा गेले. मी रविवारच्या फोनची वाट बघत होते, तर मला न्यायला गाडी आली."

खालचा हातोडा थांबला. काकांना रिसिव्हर दिसला, छातीवर पडलेला, आणि भिंतीकडे वळलेलं तोंड. लाइन तुटली नव्हती. एक्स्चेंजचा काही दोष नव्हता. साहेबांना उभ्या जन्मात एकदाच बोलावंसं वाटलं, आणि पोरीनं त्यांना परीक्षा घातली. तिची सगळी उत्तरं काकांजवळ होती आणि काका दाराबाहेर उभे होते. मास्तर म्हणाले होते कान बिघडवलेत म्हणून, ते काकांनी मतदारसंघाचे समजले होते.

"इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांच्या विरोधकांपैकी कुणी असेल," ताई म्हणाल्या. "पण गेल्या वर्षी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं, बाबांना होती तशी नळी घातली होती. नंतर दोन दिवस माझा आवाज... मी स्वतःच घाबरले. तेव्हापासून एकच येतं मनात. म्हणून कंत्राटदार ते बोलले ना, तेव्हा मला राग नाही आला काका, सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तुम्हाला आतून फोन लावला तोही त्याचसाठी. पण मला काही सांगता येईना. आता तुम्हीच सांगा, आणि खरं सांगा. तो फोन तुम्ही केला होतात का? कारण तुम्ही नसाल तर मग..."

काकांना ती पुरी कळली. ही सापळा लावून बसली नव्हती. इतके दिवस जिला ते भीत होते ती त्यांच्याकडे हात पसरून बसली होती. खरं बोलले असते तर एका वाक्यात तिचे दोन्ही बाप गेले असते. रविवारचा खोटा ठरला असता आणि त्या दुपारचा खरा.

"मीच होतो, ताई," काका म्हणाले.

ताईंनी श्वास सोडला तो काकांना एवढ्या अंतरावरून ऐकू आला. खांदे खाली आले. डोळ्यांतून येणारं पाणी पुसायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मग, जसं व्हायला हवं होतं तसंच, राग आला. "का पण?" त्यांनी विचारलं. "का केलंत?" काका शब्द शोधू लागले. लोकांच्या दुःखात ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही, त्यांना आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "साहेबांना बोलवत नव्हतं. तुझी... तुमची सारखी आठवण काढत होते. मला वाटलं, त्यांच्या आवाजात दोन शब्द कानावर पडले तर तुम्हाला बरं वाटेल. त्यांना न विचारता केलं. अंगाशी आलं." "एकदाच?" "एकदाच." "आणि रविवारी?" "रविवारी साहेब स्वतः बोलायचे. दार लावून घ्यायचे आतून. मी बाहेर असायचो." "तासभर?" "तासभर. कधीकधी जास्तच."

ताईंनी मान डोलावली, पुन्हापुन्हा डोलावली. मग चष्मा लावला. "माझे बाबा मरणाला टेकलेले, आणि तुम्ही मला वर्गातून उठवून... मला बोलायची इच्छा नाही काका. उद्यापासून येऊ नका." "नाही येत." "काकूंना सांगा, त्यांच्यावर माझा राग नाही." "सांगतो." काका उठले. उठताना त्यांनी क्षणभर खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. ताईंना तेवढ्यानं दया येईल की काय अशी त्यांना भीती वाटली, आणि त्यांनी हात काढून घेतला. पण दया नव्हती. तिथं दुसरंच काहीतरी होतं, जुनं, वसतिगृहातल्या जिन्यात उभं राहून न्याय देणाऱ्या पोरीचं.

"एक सांगू?" ताई म्हणाल्या. "तुम्ही मतदारसंघात सगळ्यांना फसवलं असेल. पण बाबांचा आवाज काही तुम्हाला जमला नव्हता. एवढ्याशा मुलीनं ओळखलं."

"हो," काका म्हणाले. "साहेबांचा नाही जमला."

बाहेर टेबलावरचा फोन वाजू लागला. काका सवयीनं दाराकडे वळले.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "मी घेते."